घरच्या पीसीचं अपग्रेड : प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

हे सगळं कशासाठी, ते आधी लिहून ठेवते. पुढे ते हमखास विसरलं जाणार.

बाबांनी आयुष्यभर काढलेल्या फोटोंचे निगेटिव्ह आम्ही स्कॅन करतोय. एकूण ९४ रोल, त्यातले १३ झाले. ३५ मिमीची एक फ्रेम २४०० डीपीआयवर, ४८ बिटमध्ये घेतली की टिफ फाइल होते साधारण ४६ एमबीची. ३६ फ्रेमचा रोल म्हणजे दीड जीबीच्या वर. ८ जीबी रॅममध्ये एवढं सगळं एकदम उघडलं की पीसी हात टेकतो आणि हार्ड डिस्क नुसती कुरकुरत बसते. त्यात विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबरला संपली. जादा सुरक्षा अपडेट घेतले तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ढकलता येईल, पण ढकलत ढकलतच इथवर आलोय.

पीसी २०१७ चा, मीच जोडलेला. पहिल्या पिढीचा सहा कोअरचा रायझन प्रोसेसर, एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम स्टिक, १२० जीबीची साटा एसएसडी आणि २ टीबीची हार्ड डिस्क. तपासणीच्या प्रोग्रॅमनुसार विंडोज ११ साठी दोन अडचणी आहेत. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) सापडत नाही आणि प्रोसेसर यादीत नाही. टीपीएम प्रोसेसरमध्येच आहे, फक्त बायोसमध्ये (पीसी सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) बंद आहे. प्रोसेसर मात्र बदलावाच लागणार. रायझन ५ ५६०० घेतला. सॉकेट तेच, सहा कोअर, ६५ वॉट, त्यामुळे जुना कूलर चालेल. सोबत ३२ जीबी रॅम आणि १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डात खोचायची वेगवान एसएसडी.

अंदाज : दोन शनिवार-रविवार.

९ नोव्हेंबर, रविवार

बॅकअप. सकाळी नऊला सुरू केला, रात्री नऊला संपला.

सी ड्राइव्हची इमेज (सगळ्या ड्राइव्हची एकाच फाइलमधली नक्कल) पोर्टेबल डिस्कवर घ्यायला गेले तर ४ जीबीला अडली. डिस्क फॅट३२ या जुन्या फॉरमॅटची. कधीकाळी टीव्हीला लावता यावी म्हणून मीच तशी करून ठेवलेली. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही, आणि माझी इमेज ८० ची. डिस्कवरचं होतं नव्हतं ते इकडेतिकडे हलवून तिला एनटीएफएसचा फॉरमॅट मारला.

मग स्कॅन कॉपी करायला लावले. ७०० जीबी, वेग सेकंदाला ३३ एमबी. डिस्क जुनी झाली असेल म्हणून सोडून दिलं. चार तासांनी वाकून पाहिलं तर केबल कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला. ते यूएसबी २.०. मागच्या निळ्या पोर्टला लावली आणि वेग ११० वर गेला. उरलेलं सगळं जेमतेम चाळीस मिनिटांत उरकलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बायोस अपडेट. हे नवा प्रोसेसर बसवण्याआधीच करायला हवं. आत्ताचं बायोस २०१८ चं, त्याला हा प्रोसेसर ओळखीचाच नाही. ३०० मालिकेच्या बोर्डांना त्याचा पाठिंबा मिळाला तो २०२२ मध्ये. उलट क्रमाने गेलं तर काळा स्क्रीन आणि जुना प्रोसेसर परत बसवणं नशिबी.

थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही. मधली एक आवृत्ती आधी चढवायची, मग शेवटची. फाइल पेनड्राइव्हवर घातली, तर बायोसला पेनड्राइव्हच दिसेना. अर्ध्या तासाने कळलं, त्याला एनटीएफएस वाचता येत नाही, फॅट३२ च लागतं. गेल्या रविवारी ज्याला शिव्या घातल्या, आज त्याच्याच दारात.

टक्केवारीची पट्टी ६४ वर थांबली. थांबली म्हणजे दीड-दोन मिनिटंच, पण बायोस लिहिलं जात असताना वीज गेली तर बोर्डाचा ठोकळा होतो हे माहीत असल्यावर दीड मिनिट मोठं असतं. मी माउसलाही हात लावला नाही, माउसचा काही संबंध नसताना. बाबा दारातून म्हणाले, ‘‘काय गं, श्वास रोखून बसलीयेस?’’ मी नुसता हात वर केला.

दोन्ही आवृत्त्या चढल्या. रिस्टार्ट. ‘बूट करण्याजोगी डिस्क नाही.’

इथे सव्वा तास गेला. केबल काढून घातल्या, एसएसडीचं पोर्ट बदललं. दोष डिस्कचा नव्हताच. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग मूळपदावर येतात, आणि नव्या बायोसचं मूळपद वेगळं आहे. टीपीएम चालू (छान), आणि जुन्या पद्धतीने बूट करू देणारं सीएसएम बंद. माझी विंडोज २०१७ पासून जुन्याच पद्धतीने बूट होत आलेली. सीएसएम चालू केलं, विंडोज आली.

बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलवर काढला. सकाळी काढायला हवा होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

सीएसएम चालू ठेवून विंडोज ११ चालणार नाही, युईएफआय, म्हणजे बूट करायची नवी पद्धत, हवी. त्यासाठी एसएसडी एमबीआरवरून जीपीटीवर न्यावी लागते. एमबीआर ही डिस्कचे भाग नोंदवायची १९८३ ची मांडणी, जीपीटी नवी. सेक्टरचे क्रमांक ३२ बिटचे आणि एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून २ टीबीच्या पुढचं तिला मोजताच येत नाही. मुख्य भाग, म्हणजे प्रायमरी पार्टिशन, चारच.

डेटा न उडवता हे बदलणारं टूल विंडोजमध्येच आहे, एमबीआर-टू-जीपीटी. आधी फक्त तपासणी करायला सांगितली. नापास. या टूलला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, माझी चार. चौथं कुठलं? १० जीबीचं, मीच कधीतरी केलेलं. आत ‘जुने ड्रायव्हर’ नावाचं एक फोल्डर आणि एक रिकामं. बिनदिक्कत उडवलं.

तपासणी पास. खरं काम मिनिटभरात झालं. सीएसएम बंद, विंडोज चालू, टीपीएम दिसतोय. लॉगिनचा पिन नव्याने घालायला लावला, घातला. दोन शनिवार-रविवार संपले आणि कॅबिनेट अजून उघडलेलंही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज प्रोसेसर.

एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. सॉकेटची बारीक दांडी त्या पिनांना धरून ठेवते, पण प्रोसेसर आणि कूलरमधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या आठ वर्षांच्या वाळक्या पेस्टपुढे तिची पकड टिकत नाही. म्हणून कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं राबवून गरम करायचा, पेस्ट मऊ होते, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. हे सगळं मला माहीत होतं. पण एसएमपीएसची (वीजपुरवठ्याची) वायर तासभर आधीच काढून ठेवली होती आणि परत लावायचा कंटाळा आला. कूलर सरळ वर ओढला. ‘टक्’ झालं. कूलर हातात, आणि त्याच्या पोटाला प्रोसेसर चिकटलेला. सॉकेटची दांडी मात्र अजून बंदच.

दातांच्या फटी साफ करायची मेणदोरी प्रोसेसर आणि कूलरच्या फटीतून करवतीसारखी चालवली, तेव्हा सुटला. भिंगाखाली धरला. एका कोपऱ्यातल्या तीन पिना वाकलेल्या, त्यातली एक जवळजवळ आडवी. नवा प्रोसेसर दगा देईल तर हाच परत लावायचा आहे, म्हणून सरळ करायला बसले. ०.५ मिमीच्या क्लच पेन्सिलमधलं शिसं काढून टाकलं की पुढची नळी पिनेवर बरोबर बसते. नळी पिनेवर चढवायची, केसभर कलती करायची, बाहेर काढायची, ओळ डोळ्यासमोर आडवी धरून बघायची. दोन पिना सरळ झाल्या. तिसरी बुडाशी पांढरी पडायला लागली तशी सोडून दिली. आता ती थोडी तिरकी आहे, पण तुटलेली नाही.

सॉकेट फुंकर न मारता बघून घेतलं. नवा प्रोसेसर सोन्याच्या त्रिकोणाला त्रिकोण जुळवून ठेवला, तो आपल्या वजनानेच खाली बसला. दाबायचा नसतोच. पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब, कूलर, स्क्रू तिरक्या जोडीने.

चालू केला. पंखे फिरतात, स्क्रीन काळा.

पाऊण तास. रॅम काढून घातली, बायोसचा सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवला, प्रोसेसरची आठ पिनांची वायर तीनदा दाबली. मग बाबा टेबलामागे वाकून म्हणाले, ‘‘ही वायर आधी खालच्या भोकात होती ना?’’ मॉनिटरची केबल मी बोर्डाच्या एचडीएमआयला लावली होती. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही, त्यामुळे तिथून कधीच काही दिसणार नव्हतं. ग्राफिक्स कार्डाचं पोर्ट खाली.

चित्र आलं आणि आल्या आल्या बायोसचा प्रश्न : नवा प्रोसेसर दिसतोय, टीपीएममधल्या जुन्या किल्ल्या पुसू का? डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असती तर इथे ‘हो’ दाबल्यावर पुढे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली असती. माझी नाही, म्हणून ‘हो’. गेल्या रविवारचा पिन अर्थात गेला. पासवर्ड विचारला. पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलेला, आणि ब्राउझर याच पीसीत. मोबाइलवरून नवा केला.

२३ नोव्हेंबर, रविवार

रॅम. १६ च्या दोन स्टिक, डीडीआर४ ३२००. जुनी ८ ची २४०० वाली का फेकायची, म्हणून तीही तिसऱ्या स्लॉटमध्ये ठेवली. ४० जीबी! आपण होऊन रॅम २१३३ वरच चालत होती, एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी बायोसची सेटिंग) चालू केल्यावर ३२०० दाखवायला लागली.

नव्या स्टिकना रंगीत दिवे आहेत. मला नको होते, पण हीच मिळाली. कॅबिनेट बंद असलं तरी बाजूच्या जाळीतून जांभळं-हिरवं काहीतरी सरकत राहतं.

रोल १४ सुरू केला. बाबा खूश, सगळ्या फ्रेम एकदम उघडल्या तरी पीसी हूं की चूं करत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आठवड्यात दोनदा निळा स्क्रीन, दोन्ही वेळा वेगळं कारण सांगणारा. नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घेतला, जुना घातला, फरक शून्य.

खरी गोष्ट बाबांनी पकडली. ‘‘हा पट्टा निगेटिव्हवर नाहीये.’’ रोल १४, फ्रेम ९. आजी विहिरीच्या काठावर उभी आहे आणि तिच्या खांद्याच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाइतकी बारीक गुलाबी रेघ. मोठं करून पाहिलं तर रेघेतले ठिपके एकाआड एक बिघडलेले. निगेटिव्ह लाइटबॉक्सवर धरला, स्वच्छ. स्कॅनरची काच पुसून परत स्कॅन केलं, रेघ नाही. म्हणजे फाइल लिहिली जाण्याआधी, मेमरीतच कुठेतरी बिट उलटे पडत होते.

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर लावला. पहिल्या लाल ओळी वीस मिनिटांतच.

३० नोव्हेंबर, रविवार

जुनी ८ ची स्टिक काढली. मेमटेस्टच्या चार फेऱ्या, एकही चूक नाही. तीच स्टिक एकटी, तिच्या २४०० वर : चूक नाही. म्हणजे स्टिक वाईट नाही. एक्सएमपीने नव्यांचा वेग सरसकट तिच्यावरही लादला आणि तिला तो झेपला नाही. लोभ माझा.

नव्या दोन प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. ३२ जीबी, बास.

निळा स्क्रीन ही या सगळ्यातली बरी बातमी होती, तो निदान ओरडून सांगतो. रेघ गुपचूप आली. आठवडाभरात लिहिलेल्या ३१ फाइल आता कुठल्याच भरवशाच्या नाहीत. काही दिसायला ठीक आहेत, पण ४६ एमबीमध्ये एक बिट कुठे उलटला हे डोळ्याला कसं दिसणार? बाबांना सांगितलं, सगळ्या परत कराव्या लागतील. ते म्हणाले, ‘‘करू की. पण तुझं ते पेटीचं काम संपल्यावर.’’ दर फाइलची चेकसम (एक बिट बदलला तरी बदलणारा आकडा) लिहून ठेवायला आजपासून सुरुवात.

६ डिसेंबर, शनिवार

एनव्हीएमई. एम.२ स्लॉट, २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. दहा मिनिटांचं काम, स्क्रू असेल तर. एसएसडी स्लॉटमध्ये घातली की तिरकी उभी राहते, ती दाबून टोकाला एक इवलासा स्क्रू लावायचा. हा स्क्रू बोर्डासोबत येतो, २०१७ मध्ये. बोर्डाच्या खोक्यात मॅन्युअल होतं, साटा केबल होत्या, कधीच न लावलेलं स्टिकर होतं. स्क्रू मिळाला शिवणाच्या डब्यात. तो तिथे कसा गेला हे विचारलं नाही, कुणाला विचारणार.

स्क्रू लागला, पीसी चालू, नवी डिस्क दिसली. २ टीबीची गेली.

स्कॅन ज्या डिस्कवर, ती. बॅकअप आहे हे माहीत असूनही हात गार पडले. केबल बदलली. कान लावला तर डिस्क फिरतेय. बायोसमध्ये नाव नाही. शेवटी मॅन्युअल उघडलं, आणि स्लॉटच्या चित्राखाली बारीक अक्षरांत : एम.२ वापरात असेल तर साटा ५ आणि ६ बंद राहतात. प्रोसेसरकडून येणारे चार मार्ग, ते एकतर एम.२ ला पुरे मिळतात, नाहीतर त्यातले दोन या साटा पोर्टांकडे जातात. डिस्क पाचव्यात होती, कारण २०१७ मध्ये तिथपर्यंतच केबल पोचत होती. लांब केबल घालून दुसऱ्यात लावली. आली.

१३ डिसेंबर, शनिवार

नव्या एसएसडीवर कोरी विंडोज ११. पंचवीस मिनिटांत झाली, एकदाही अडली नाही. ज्यासाठी सहा शनिवार घातले त्यावर लिहायला एवढंच. जुनी १२० ची एसएसडी पुसून बाजूला ठेवली.

१४ डिसेंबर, रविवार

‘‘स्कॅनर कुठे गेला गं?’’

स्कॅनर टेबलावरच आहे. विंडोजमध्ये नाही.

८ नोव्हेंबरची नोंद परत वाचली. प्रोसेसर आहे, रॅम आहे, कोअर किती, वॉट किती, सगळं आहे. ज्याच्यासाठी हा घाट घातला तो स्कॅनर यादीतच नाही.

स्कॅनर २००९ चा. कंपनीच्या साइटवरचा शेवटचा ड्रायव्हर विंडोज ७ चा. तोच विंडोज १० वर निमूट चालत होता, आणि ‘जुने ड्रायव्हर’ फोल्डरमध्ये होता तोही हाच. आता इन्स्टॉल होतो, पण विंडोज तो लोड करू देत नाही. कोऱ्या विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी आधीपासून चालू असते आणि तिच्या नियमात न बसणारा ड्रायव्हर दाराबाहेर. ती बंद केली तर स्कॅनर चालेल. पण सुरक्षेसाठी म्हणून घर बदलायचं आणि पहिल्याच दिवशी कडी काढून ठेवायची, हे मला पटेना. दिवसभर दोन्हीकडे हो-नाही करत बसले, काही केलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम उठवली, काही इन्स्टॉल न करता, बघू तरी म्हणून. लिनक्सकडे स्कॅनरसाठी सेन नावाचा जुना प्रकल्प आहे. स्कॅनचा प्रोग्रॅम उघडला तर यादीत स्कॅनरचं नाव आधीच हजर. ‘प्रीव्ह्यू’ दाबलं आणि झाकणातला दिवा लागला, नेहमीसारखा आधी पिवळट, मग पांढरा. बाबा शेजारच्या खोलीतून आवाजावरूनच आले.

मिंट त्या जुन्या १२० जीबीच्या एसएसडीवर टाकलं. तिला काम मिळालं.

२१ डिसेंबर, रविवार

फुकट काही नाही. स्कॅनरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये ‘कलर निगेटिव्ह’ निवडलं की फिल्मचा नारिंगी थर वजा करून, रंग उलटवून सरळ फोटो मिळायचा. इथे निगेटिव्ह जसा आहे तसा येतो, नारिंगी. रंग उलटवले की सगळे निळे दिसतात. हाताने दुरुस्ती करता येते : फ्रेमच्या कडेची कोरी फिल्म घ्यायची, तिच्यावरून तिन्ही रंगांची पातळी बांधायची, मग उलटवायचं. पहिल्या फ्रेमला चाळीस मिनिटं लागली, दहावीला चार. एका रोलला एकदा बांधलेली पातळी बाकीच्या फ्रेमना बहुतेक चालते.

कृष्णधवल रोलना ही भानगडच नाही, नुसतं उलटवायचं. बाबांचे जुने ५८ रोल कृष्णधवल आहेत. आधी तेच घेऊ.

घड्याळ : विंडोज बोर्डाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स ती युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं, त्यामुळे इकडून तिकडे गेलं की वेळ चुकते. लिनक्सला एका कमांडने स्थानिक वेळ मानायला लावली.

२८ डिसेंबर, रविवार

रोल १४ पूर्ण, ३१ च्या ३१ फ्रेम नव्याने, राहिलेल्या पाचसुद्धा. चेकसम जुळतात. फ्रेम ९ ची गुलाबी रेघवाली फाइल पुसू का विचारलं, तर बाबा म्हणाले राहू दे. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली.

त्यांची एकच तक्रार उरली होती. रात्री खोलीतला दिवा मालवून लाइटबॉक्सवर निगेटिव्ह निवडताना कॅबिनेटच्या जाळीतून रॅमचा जांभळा-हिरवा उजेड नेमका काचेवर पडतो. दिवे बंद करायचं कंपनीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजमध्ये चालतं, आणि स्कॅनिंग आता लिनक्समध्ये. कॅबिनेट उघडलं, दोन्ही स्टिकच्या माथ्यावर काळी इन्सुलेशन टेप लावली, बंद केलं.

उद्या रोल १५.